कैरोला राहायला जाताय? ओळखीचं वाटेल तिथेच जपा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यजमानांना कैरोजवळच्या कारखान्यात दोन वर्षांचं काम मिळालंय, तुम्ही सांगलीहून सोबत जाणार आहात, तुम्ही अंडंही खात नाही, आणि इजिप्त म्हटलं की पिरॅमिड आणि वाळू यापलीकडे काही ठाऊक नाही. काय न्यायचं आणि कशात फसायला होतं?

पिरॅमिडांचं राहू द्या, ते कुठं जात नाहीत. फसायला होतं ते ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टींत. परक्या गोष्टीला माणूस चार वेळा विचारतो, ओळखीची दिसली की विचारत नाही. आणि मराठी माणसाला तिथे ओळखीचं बरंच दिसतं. आपण जुन्या मराठीत ज्याला मिसर म्हणायचो त्याला तिथले लोक 'मस्र' म्हणतात. पण खेड्यातला माणूस 'मस्रला चाललोय' म्हणाला तर तो कैरोला चाललेला असतो. देश आणि राजधानी, दोन्हीला एकच नाव.

सुरुवात नोकरीच्या पत्रापासून करा. कारखाना कुठल्या गावात आहे ते नीट वाचा. कैरोच्या पश्चिमेला 'सिक्स्थ ऑफ ऑक्टोबर' नावाचं औद्योगिक शहर आहे आणि पूर्वेला इस्माइलियाच्या रस्त्यावर 'टेन्थ ऑफ रमदान'. दोन्ही नावं एकाच दिवसाची. ६ ऑक्टोबर १९७३ ला इजिप्तच्या सैन्याने सुएझ कालवा ओलांडला, त्या दिवशी हिजरी पंचांगात रमजानची दहावी तारीख होती. दिवस एक असला तरी गावं दोन आहेत, आणि मध्ये अख्खं कैरो. कैरोच्या झमालेक किंवा मादी या भागांत घर घेऊन टेन्थ ऑफ रमदानला रोज जायचं म्हटलं तर दिवसाचा मोठा तुकडा रस्त्यावरच जातो. त्या बाजूला काम असेल तर हेलिओपोलिस, नस्र सिटी किंवा न्यू कैरो बघा. सिक्स्थ ऑफ ऑक्टोबरला असेल तर तिथेच किंवा शेजारच्या शेख झायेदमध्ये.

त्याच पत्रात पगाराचं चलन बघा. यावर मी अडून बसायला सांगेन. जानेवारी २०२२ मध्ये डॉलरला साधारण १५.७ इजिप्शियन पौंड मिळत होते. मार्च २०२४ मध्ये दर मोकळा सोडल्यावर तो ३१ वरून एका झटक्यात ५० च्या आसपास गेला. म्हणजे महिना ३०,००० पौंड पगार २०२२ च्या सुरुवातीला सुमारे १,९०० डॉलर होता, तो ४८ च्या दराने सव्वासहाशेच्या घरात आला. तिथेच कमवून तिथेच खर्च करणाऱ्याला महागाई सोसावी लागते, पण सांगलीला पैसे पाठवणाऱ्याचा पायाच जातो. पगार डॉलरमध्ये ठरवून घ्या. कंपनी ऐकत नसेल तर निदान 'पौंडात देऊ, पण त्या दिवशीच्या बँकेच्या दराने' हे वाक्य करारात घालून घ्या.

आता कागदपत्रं. यजमानांची पदवी आणि तुमचा विवाहाचा दाखला इकडूनच पक्का करून न्या. परदेशात गेलेले नातेवाईक ॲपोस्टीलचं (कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं त्या शिक्क्याचं) सांगतील, पण तो शिक्का इजिप्तसाठी पुरत नाही. आधी राज्याचं साक्षांकन (पदवीसाठी मंत्रालयातून), मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग इजिप्तच्या वकिलातीचं, आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. हा क्रम मोडला की पुढचा टेबलवाला कागद परत करतो. काम करण्याचा परवाना कंपनी काढते. त्यासाठी एचआयव्हीची तपासणी सक्तीची आहे. एकूण कामगारांत परदेशी दहा टक्क्यांहून जास्त चालत नाहीत, म्हणून कंपनीचा कोटा शिल्लक आहे का हे आधीच विचारा. पासपोर्ट परवान्यासाठी कुणाच्या हातात दिला तर त्याची पावती आणि शिक्क्यांच्या पानांची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.

नावाची गंमत इथेच सुरू होते. इजिप्तमध्ये आडनाव ही चीज फारशी नाही. स्वतःचं नाव, बापाचं, आजोबांचं, अशी साखळी असते आणि अर्जावर तीन नावं मागतात. आपलंही नाव तीन पदरी, त्यामुळे रकाने छान भरतात. आणि चुकीचे भरतात. तुमच्या नावातलं मधलं नाव यजमानांचं आहे. कारकून ते तुमच्या वडिलांचं समजून लिहील. मग निवासाच्या कागदावर नवरा तोच बाप, आणि पत्नी म्हणून मुदत वाढवताना अडतं. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडील, आई, पती अशी वेगळी नावं असतात. त्या पानाचं अरबी भाषांतर विवाहाच्या दाखल्याबरोबर जोडा.

शिवाय अरबीत 'प' नाही, 'च' नाही. पाटीलचं 'बातील' होतं. 'बातिल' म्हणजे अवैध, निकामी. आपला 'रद्दबातल' त्यातूनच आलाय. हसून सोडून द्या, पण नावाचं अरबी स्पेलिंग पहिल्याच कागदावर एकदा ठरवा आणि त्याची चिठ्ठी पाकिटात ठेवा. बँकेत एक, घराच्या करारात दुसरं असं झालं तर तुम्ही दोन माणसं ठरता.

आकड्यांसाठी मात्र निघण्यापूर्वी एक संध्याकाळ काढाच. दुकानातल्या किमती, गाड्यांच्या पाट्या, विजेचं बिल, घरांचे नंबर, सगळं अरबी आकड्यांत. आणि त्यातला पाच म्हणजे हुबेहूब आपलं शून्य, छोटं वर्तुळ. त्यांचं शून्य म्हणजे नुसता टिंब. ५,५०० लिहिलं असेल तर मराठी डोळ्याला दोन शून्यं आणि दोन टिंबं दिसतात. सहा हा इंग्रजी सातासारखा दिसतो. सात म्हणजे इंग्रजी व्ही आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. सात आठ अशीच उजळणी करा, आठाच्या घराला छप्पर असतं. दोन आणि तीन छापील असतील तर आपल्यासारखेच भासतात, पण हाताने लिहिताना तिथले लोक तिनाचा एक दात खातात आणि तो छापील दोनासारखा दिसतो. भाजीवाल्याच्या पाटीवर शंका आली तर बोटं दाखवून विचारा. लिपी उजवीकडून डावीकडे असली तरी आकडा आपल्यासारखाच डावीकडून वाचायचा. नोटांचं सोपं आहे: एका बाजूला मशीद आणि अरबी, दुसऱ्या बाजूला फॅरोंच्या काळातलं चित्र आणि इंग्रजी.

शब्दांचंही तसंच. हॉटेलात 'हिसाब' मागा, बिल येईल. सुट्टे परत हवेत तर 'बाई' म्हणा. ती आपली 'बाकी'च आहे. कैरोतले लोक घशातला 'क' गिळतात, म्हणून कहवा तिथे 'अहवा' होतो. पण 'शहर' म्हणजे महिना, 'गवाब' (आपला जबाब) म्हणजे पत्र. घरमालक भाड्याच्या आकड्यापुढे 'शहर' म्हणाला तर तो गावाबद्दल बोलत नाहीये.

घर बघताना दलाल 'बहरी' हा शब्द मोठ्या तोऱ्यात सांगेल. बहरी म्हणजे समुद्राकडची, म्हणजे उत्तरेची बाजू, कारण भूमध्य समुद्र उत्तरेला. गार वारा तिकडूनच येतो आणि उन्हाळ्यात बहरी घराला एसी कमी लागतो. थोडं जास्त भाडं मागितलं तरी द्या. (नकाशात मात्र 'अप्पर इजिप्त' दक्षिणेला, खाली असतं. नाईल दक्षिणेतून उत्तरेकडे वाहते, वरचा भाग तोच.) करार १९९६ च्या चौथ्या क्रमांकाच्या कायद्याखाली, मुदत आणि वार्षिक वाढ लिहून करा. निवास परवान्यासाठी तो नोंदणी कचेरीत नोंदवलेला लागतो, त्यामुळे 'नोंदणीची काय गरज' म्हणणारा मालक टाळा. वीज बहुधा कार्डाच्या मीटरवर असते, आधी पैसे भरायचे मग वापरायची. मीटरवर जुनी थकबाकी असली तर ती तुमच्या पहिल्या भरण्यातून कापली जाते, म्हणून किल्ली घेण्याआधी मालकासमोर कार्ड भरून बघा. गॅसची पाइपलाइन आहे का तेही विचारा. नसेल तर सिलिंडरवाला गल्लीत पान्याने सिलिंडर बडवत येतो, त्या आवाजाला कान द्यावा लागतो.

इमारतीच्या दाराशी 'बव्वाब' असतो. त्याला नुसता वॉचमन समजू नका. नळवाला कुठला, रिकामी खोली कुठे, पाणी कधी जाणार, सगळं त्याला ठाऊक. महिन्याला ठरलेले पैसे आणि सणाला वर काहीतरी द्यायचं. हात आखडता घेतलात तर नळवाला सापडायला आठवडा लागतो.

हवेबद्दल एकच सांगते. छत्री ठेवून जा, स्वेटर न्या. कैरोत वर्षभरात पाऊस जेमतेम २५ मिलिमीटर. त्यामुळे रस्त्यांना पाणी वाहून न्यायची सोय नाही आणि एका सरीत शहर ठप्प होतं. जानेवारीत रात्री पारा नऊ-दहावर येतो, घरात हीटर नसतो आणि फरशी गार पडते. तिकडे सर्दीने आजारी पडतात ते थंडीला हसणारेच. मार्च ते मे दरम्यान 'खमासीन' हा दक्षिणेचा गरम, धुळीचा वारा येतो. त्या दिवशी खिडक्यांच्या फटीत ओली फडकी लावायची आणि दम्याचं औषध जवळ ठेवायचं.

तुमच्या जेवणाचं. 'शाकाहारी' असं सांगू नका. 'लहम (मांस) नाही' म्हटलंत तर कोंबडी आणतील, 'कोंबडी नाही' म्हटलंत तर कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला भात आणि मुलुखिया ही पातळ पालेभाजी आणतील, आणि त्यात काही गैर केलंय असं त्यांना वाटणार नाही. 'सियामी' हा शब्द वापरा. सियामी म्हणजे उपवासाचं. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिश्चन वर्षात दोनशेहून जास्त दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात आणि मुसलमान दुकानदारालाही त्यांचे नियम पाठ असतात. कैरोतल्या शुब्रासारख्या भागात सियामी केकसुद्धा मिळतो. एकच फट आहे: काही उपवासांना मासा चालतो, म्हणून 'समक नको' हे जोडा.

रोजचं म्हणाल तर कोशरी डोळे झाकून खा: तांदूळ, मसूर, मॅकरोनी, वर छोले, तळलेला कांदा, टोमॅटोचा रस्सा आणि लसूण-व्हिनेगरचं पाणी. ती आपल्या खिचडीची नात असल्याचं मानलं जातं. 'फूल' म्हणजे बाकल्याची (फावा बीन या कडधान्याची) उसळ, 'तामिया' म्हणजे त्याच बाकल्याची भजी. सकाळी गाडीवर 'ऐश' या पोळीत भरून देतात. ऐश म्हणजे जगणं, भाकरीला तिथे तोच शब्द. पण आधी दोघांचीही जी-६-पीडी ही रक्ततपासणी करून घ्या. हे एन्झाइम कमी असलेल्या माणसाने बाकला खाल्ला की तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट होते आणि कावीळ दिसते. आपल्याकडे बाकला फारसा खात नाहीत, त्यामुळे दोष असूनही आयुष्यभर कळत नाही; तिथे तो न्याहारीलाच समोर येतो.

मसूर, छोले, चवळी, जिरे, धणे, हळद, चिंच सगळं तिथे मिळतं. चिंचेला तर 'तमर हिंदी', भारतीय खजूर म्हणतात. 'लबन गामूसी' म्हणजे म्हशीचं दूध, दही छान लागतं. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, गोडा मसाला, कढीपत्ता (वाळवून) न्या. कुकर आणि मिक्सर न्या. वीज २२० व्होल्टचीच आहे, पण भोकं दोन आणि गोल, आपली तीन पिनांची प्लग बसत नाही. वसंतात शम अल-नसीमच्या दिवशी शेजारी खारवलेला मासा, फसीख, पुढे करतील. तुम्ही खाणार नाहीच, यजमानांनाही खाऊ देऊ नका. नीट न खारवलेल्या फसीखमधून जीवघेणी विषबाधा होते आणि तिथलं आरोग्य खातंच दरवर्षी इशारा देतं.

सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी कामावर. घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे, आणि एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत अडीच तास. आईला फोन करताना लक्षात ठेवा. रमजानमध्ये कचेऱ्या लवकर बंद होतात. सूर्यास्ताआधीच्या तासात रस्त्यावर गाडी काढू नका, उपाशी ड्रायव्हर घराकडे पळत असतात.

लोक भारतीयांशी प्रेमाने वागतात, अमिताभ बच्चनचं नाव निघणारच. पण भांडणात कुणी दुसऱ्याला 'मला हिंदी समजतोस का?' म्हणाला तर त्याचा अर्थ 'मला खुळा समजतोस का?' एवढाच. तुमच्यावर काही नाही, मनावर घेऊ नका.

ड्रोन अजिबात नेऊ नका, परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. ट्रॅमाडोल किंवा कोडीन असलेली दुखण्या-खोकल्यावरची औषधंही नेऊ नका. इथे डॉक्टर सहज लिहून देतात, तिथे विमानतळावरच अटक होऊ शकते. नियमाची रोजची औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह न्या. परदेशातून आणलेल्या मोबाइलवर २०२५ च्या जानेवारीपासून कर लागतो. तिथलं सिमकार्ड घालून वापरायचा असेल तर नोंदणी वेळेत करा, नाहीतर काही आठवड्यांत नेटवर्क बंद होतं.

आणि आंब्याची चिंता नको. इस्माइलियाचा आंबा जुलै ते सप्टेंबर असतो. त्यात 'अल्फोन्स' नावाची जात मिळते. हापूसच समजून पेटी उचलू नका, आधी एक कापून चाखा. 'ओवैस' मात्र न चाखता घ्या.