जोडप्यांच्या मुलाखतींना बसण्याआधी

नात्यांवरच्या संशोधनासाठी जोडप्यांच्या मुलाखती एकत्र घ्यायच्या की वेगवेगळ्या, हे आधी ठरव. मी दोन्ही घेते. एकत्र बसल्यावर कोण कोणाला मध्येच तोडतं ते दिसतं. एकटं असताना राहून गेलेलं बाहेर येतं. एकदा ‘आमचं कधी भांडणच होत नाही’ असं नवरा म्हणाला आणि बायको नुसती कपाचा कान चाचपत राहिली. ती शांतता मी ‘सात सेकंद’ अशी लिहून ठेवली. पुढचं सगळं विश्लेषण तिथूनच सुटलं.

‘तुमचं नातं निरोगी आहे का?’ असं चुकूनही विचारू नकोस, छापील उत्तर मिळेल. ‘मागच्या वादानंतर आधी कोण बोललं?’ असं विचार.

एकाचं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, हे तर आलंच. पण खरी गोची अहवालात होते. नाव बदललं तरी जोडीदार आपल्या माणसाचं वाक्य बरोब्बर ओळखतो. अशी वाक्यं मी गाळतेच, कितीही जीव तुटला तरी.

कोडिंगला, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना अर्थाप्रमाणे नावं देऊन गट पाडायला, ब्राउन आणि क्लार्क या संशोधकांची २००६ची सहा टप्प्यांची थीमॅटिक पद्धत पुरे; तीत पुन्हा पुन्हा येणारे अर्थाचे धागे, म्हणजे थीम, शोधायच्या. फक्त लक्षात ठेव, ‘संवाद’ ही थीम नव्हे, तो नुसता विषय. थीमला काही म्हणणं हवं: ‘रुसवा काढायची पाळी न बोलता ठरलेली असते’, असं.