कंटाळा कामाचा की हिशेबाचा?

प्रश्न : घरूनच ग्राफिक डिझाइनची कामं करतो. एका लोगोचे ४,००० रुपये मिळतात, तेही तीन महिन्यांनी. हल्ली कॉम्प्युटर उघडायचाच कंटाळा येतो. मी आळशी झालोय का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : आधी तास मोजा. फोन, बदल आणि फाइल पाठवणं धरून एका लोगोला १८ तास लागले, तर तासाला जेमतेम २२२ रुपये पडतात. अशा दरात उत्साह टिकला तरच नवल!

आता परवडणारा दर काढू. महिन्याचा घरखर्च ४०,००० आणि सॉफ्टवेअर, वीज, इंटरनेट, पुढच्या लॅपटॉपची तजवीज मिळून ८,००० धरू. महिन्याचे २२ दिवस, पण बिलात धरता येतील असे तास दिवसाला चारच. बाकीचे कामं शोधण्यात जातात. ४८,००० भागिले ८८, म्हणजे तासाला साधारण ५४५. तोच लोगो ९,८०० च्या खाली परवडत नाही. बहुतेक जण भागाकारात दिवसाचे आठ तास धरतात आणि तिथेच फसतात.

कोटेशनमध्ये दोनच फेऱ्या बदल लिहा, तिसरीपासून तासाचा दर. निम्मे पैसे आगाऊ घ्या. मूळ फाइल उरलेले पैसे आल्यावरच द्या, तोवर वॉटरमार्कची जेपीजी पुरे. ओळखीतल्या गिऱ्हाइकाला तर हे आधी सांगा, संकोच तिथेच नडतो.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे. ती झाल्यावर केलेल्या कामाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ नुसार बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या (ती बँकांना कर्ज देते त्या जाहीर दराच्या) तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

महिनाभर हे करूनही कंटाळा गेला नाही आणि झोप, भूकही बिघडलेली असेल, तर डॉक्टरांना भेटा.