जळगावहून जर्मनीला शिकायला चाललेय, एका जर्मन कुटुंबाकडे राहायचं आहे. तिथे लवकर रुळण्यासाठी काय करावं?

आधी कागदपत्रं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तिथल्या नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचं पत्र लागतं, ते यजमानांकडून पहिल्याच दिवशी मागून घ्या. पुढची बरीच कामं या नोंदणीवाचून अडतात.

खरी कसोटी मात्र स्वयंपाकघरात लागते. आपल्याकडे शेवभाजीची फोडणी पडली की अख्ख्या गल्लीला कळतं. तिथे थंडीत खिडक्या बंद असतात, मसाल्याचा वास पडद्यांत, कोटांत बसतो. म्हणून विचारून करा, खिडकी उघडा, ओटा लगेच पुसून घ्या. एखाद्या शनिवारी त्यांनाही भरीत खाऊ घाला. वांगी ओव्हनमध्ये चांगली भाजली जातात, फक्त हिरवी मिरची बेताची घाला. काळा मसाला घरून न्या. पेढे, तूप नको, बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला युरोपीय संघात बंदी आहे.

आणि हे मनापासून सांगते: तिथे खानदेशासारखा आग्रह नसतो. तुम्ही संकोचून 'नको' म्हणालात तर ताट उचललं जाईल. भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. संध्याकाळी नुसता पाव-चीज पुढे आला तरी मनाला लावून घेऊ नका, बऱ्याच घरांत रोजचं जेवण तेच असतं.

रविवारी दुकानं बंद, किराणा शनिवारीच भरा. रात्री 10 नंतर मोठ्याने बोलणं नको. घरी फोन दुपारीच करा, भारत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो.