डुप्लिकेट चावी करताना

चावी नेहमी मूळ चावीवरूनच काढून घ्या. नकलेची नक्कल केली की प्रत्येक वेळी थोडी चूक वाढते आणि शेवटी चावी कुलपात अडकू शकते. मूळ चावी झिजलेली असेल तर तिची झीजही नकलेत उतरते.

चावीवाला कोरी (दात न कापलेली) चावी निवडतो तेव्हा बघा: दोन्ही चाव्या टोकाकडून समोर धरल्या की बाजूच्या खाचा तंतोतंत जुळायला हव्यात. 'जवळपास बसते' म्हणणाऱ्याकडून निघा. दातांऐवजी पात्यावर खळगे असलेली चावी साध्या मशीनवर होत नाही, आधीच विचारा. कापल्यावर कडेवरून नख फिरवा. खरखर लागली तर धातूचा कीस ब्रशने काढून घ्या, नाहीतर तो कुलपात पडतो.

घरी दार उघडं ठेवून चावी तपासा, दोन्ही बाजूंनी. जड फिरली तर जोर लावू नका, आत तुटेल. मूळ चावी सहज फिरते का पाहा. तीही अडखळत असेल तर दोष बहुधा कुलपात आहे, तिथे ग्रॅफाइट पावडर चालते.

चावी हरवली असेल तर मात्र नक्कल पुरेशी नाही. सिलिंडर (कुलपाचा चावी जाते तो भाग) बदला किंवा त्यातल्या पिना बदलून घ्या; पूर्ण कुलूप बदलायची गरज क्वचितच असते. नवा सिलिंडर आणताना दाराच्या कडेच्या स्क्रूच्या मध्यापासून सिलिंडरच्या दोन्ही टोकांपर्यंतचं माप वेगवेगळं घ्या. आणि हो, चावी दुकानात ठेवून जाऊ नका, पत्ता तर मुळीच सांगू नका.