कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गाचे सर्वेक्षण झाले, मंजुरीही मिळाली. मग अशा अभ्यासांचा आम्हा प्रवाशांना उपयोग काय?

उपयोग निश्चित आहे, फक्त अभ्यासात काय मोजले जाते हे पाहायला हवे. सुमारे 107 किलोमीटरचा हा मार्ग 2016-17 च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. गगनबावड्यापुढे सह्याद्रीचा कडा एकदम कोकणात उतरतो. करूळ घाटातला रस्ता वळणे घेत खाली जातो, पण रेल्वेला तेवढा उतार झेपत नाही. म्हणून बोगदे आणि पूल वाढतात व त्यांबरोबर खर्चही. तो खर्च कोकणच्या बंदरांकडे जाणाऱ्या साखरेतून आणि ओतकामाच्या मालातून कितपत भरून निघेल, यावर अशा अहवालाचे पारडे झुकते.

मला मात्र त्याहून निकडीचा वाटतो तो मिरज-कोल्हापूर हा सुमारे 47 किलोमीटरचा एकेरी मार्ग. तो 1891 मध्ये सुरू झाला, 1971 मध्ये ब्रॉडगेज झाला, पण समोरून गाडी आली की एकीला थांबावेच लागते. मी परिवहन अभियांत्रिकी शिकवतो आणि याच मार्गावर अनेक वर्षे पॅसेंजरने ये-जा केली आहे. रुकडीला क्रॉसिंग पडले की गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राही, डब्यातली मुले वह्या काढून बसत, आणि सगळ्यांचे कान समोरच्या गाडीच्या भोंग्याकडे लागलेले असत.

ही अडचण गणिताने दाखवता येते. दोन स्थानकांमधला जो टप्पा पार करायला सर्वाधिक वेळ लागतो, त्यावर मार्गाची क्षमता ठरते. समजा त्या टप्प्याला 15 मिनिटे आणि सिग्नल-लाइन मोकळी करून देण्याला 5 मिनिटे लागली, तर दिवसाच्या 1440 मिनिटांत 72 गाड्या बसतात. देखभाल व विलंबासाठी सूट देऊन त्याच्या 70 टक्के धरले, तर दोन्ही दिशांच्या मिळून जेमतेम 50. म्हणजे त्या एका टप्प्याच्या मध्यावर नवे क्रॉसिंग स्थानक दिले, तरी पुष्कळ फरक पडतो, आणि त्यासाठी संपूर्ण दुहेरीकरणाची वाट पाहावी लागत नाही.

सर्वेक्षणात आणखी एक उणीव राहण्याचा धोका असतो. केवळ तिकीटविक्रीवरून मागणी ठरवली, तर वेळा सोयीच्या नाहीत म्हणून रेल्वे सोडून गेलेला माणूस मोजलाच जात नाही. म्हणून प्रवासी मोजायला माणसे बसवायची असतील, तर ती तिकीट खिडकीपाशी बसवावीतच, पण सकाळी हातकणंगले आणि जयसिंगपूरच्या वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी गाड्यांच्या, थांब्यावरही उभी करावीत.