‘तो आता दिवसभर घरीच असतो’

कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये घरातल्या हिंसाचाराबद्दल आलेल्या पत्रांत हे वाक्य हमखास असायचं. त्यातल्या काही पत्रांना तेव्हा दिलेली ही उत्तरं.

नवऱ्याचं काम सुटलंय. परवा भांडणात त्याने माझा गळा दाबला. वळ नाही, पण आवाज बसलाय. कोरोनामुळे दवाखान्यात जायची भीती वाटते.

ताई, मास्क लावा आणि आजच जा. पत्रातलं ‘आवाज बसलाय’ वाचून मला धास्तीच वाटली. गळा दाबल्यावर बाहेर वळ उमटतोच असं नाही. आत सूज येते, रक्तवाहिनीला इजा होऊ शकते आणि त्रास काही तासांनी, कधी काही दिवसांनीही वाढतो. गिळताना दुखतंय का, डोळ्यांत लाल ठिपके आलेत का, त्या वेळी शुद्ध हरपली होती का, नकळत लघवी झाली होती का, हे सगळं डॉक्टरांना सांगा. लाजू नका. ‘पडले’ म्हणू नका. ‘नवऱ्याने दोन्ही हातांनी गळा दाबला’ असंच घडलं असेल, तर केसपेपरवर याच शब्दांत लिहून घ्या. उद्या कोर्टात हाच कागद बोलतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ प्रमाणे तुम्ही उपचार मागितले की दवाखान्याला ते द्यावेच लागतात. तपासणी अहवालाची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या आणि घरी ठेवू नका. हात एकदा गळ्यापर्यंत गेला की जिवाचा धोका फार वाढतो, म्हणून रात्री परत त्याच खोलीत झोपायचं का, हे घरी जाण्याआधी माहेरच्यांशी बोलून ठरवा.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे. ‘तुझा इथे काडीचा हक्क नाही’ म्हणतात.

राहण्याचा हक्क आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १७ तो देतं, आणि सासरच्या नातेवाइकांच्या मालकीचं घरही ‘सामायिक घर’ ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२०मध्ये स्पष्ट केलंय. याने मालकी मिळत नाही, पण कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणी तुम्हाला बाहेर काढू शकत नाही.

संरक्षणासाठी अर्ज कसा करू? फोन त्याच्याच हातात असतो.

शेजारणीच्या किंवा बहिणीच्या फोनवरून १८१ ही महिला हेल्पलाइन लावा. मारहाण सुरू असेल तर पोलिसांच्या मदतीसाठी ११२. संरक्षण अधिकारी, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेले अधिकारी, तुमचा अहवाल भरून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी, असं कायदा सांगतो आणि तुमच्या प्रतिज्ञापत्रावर, नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीही, अंतरिम आदेश मिळू शकतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्त्रीला सरकारी विधी सेवेकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते का?

नाही. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. मात्र कायद्यात आठवड्यांची मर्यादा आहे, म्हणून दिवस घालवू नका.

शेजारच्या घरातून रोज रडणं ऐकू येतं. मी कळवलं तर माझ्यावरच उलटेल का?

नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ नुसार कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. तिला मात्र त्याच्यासमोर काही विचारू नका, त्याचा राग तिच्यावर निघेल. ती कचरा टाकायला किंवा गच्चीवर कपडे वाळत घालायला येईल तेव्हा गाठा. ‘माझा फोन कधीही वापर’ एवढंच सांगा, आणि तिची कागदपत्रं ठेवायला घरात एक कप्पा मोकळा करा.