इंग्रजीच्या अडचणी : ‘वुड’ नेमकं कुठे?

गेल्या अंकात ‘विल’ आणि ‘शॅल’बद्दल लिहिल्यावर ‘वुड’विषयी बरेच प्रश्न आले. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सूचनांमध्ये ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन संडे’ असं लिहायची पद्धत आहे. ‘विल’पेक्षा ‘वुड’ अदबीचं वाटतं. हे बरोबर आहे का?
– एक सचिव, डोंबिवली

सभा ठरलेली आहे, तर ‘विल’च हवं : ‘द मीटिंग विल बी हेल्ड ऑन संडे’. तिथे ‘वुड’ लिहिलं की वाचणारा पुढच्या ‘इफ’ची वाट पाहत बसतो. सभा झाली असती, पण काहीतरी आडवं आलं, असा वास त्या वाक्याला येतो.

‘वुड’ बोलणं एक पाऊल मागे नेतं. कधी काळात मागे, तर कधी खात्रीपासून दूर. ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड द फॉर्म’ हे वाक्य नम्र वाटतं ते त्यामुळेच, कारण समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. तारीख, रजा, वचन अशा गोष्टींत ती जागा ठेवायची नसते. ‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो’ हेही म्हणूनच चूक. कोटेशनमध्ये तर ही चूक महागात पडू शकते. ‘वी वुड डिलिव्हर द मशीन इन 15 डेज’ वाचून गिऱ्हाईक विचारेल, कोणत्या अटीवर?

लिहून झाल्यावर वाक्य तपासा. त्यात ‘जर’ दडलेला नाही, भूतकाळ नाही, विनंती किंवा इच्छाही नाही, तर ‘वुड’ खोडून ‘विल’ करा.

प्रश्न : ‘मी लहानपणी साताऱ्यात राहायचो’ याचं भाषांतर एका विद्यार्थ्याने ‘आय वुड लिव्ह इन सातारा’ असं केलं. जुन्या सवयीसाठी ‘वुड’ चालतं ना? मग यात काय चुकलं?
– एक शिक्षिका, चिपळूण

जुन्या सवयीसाठी ‘वुड’ चालतं, पण दोन अटी आहेत. पहिली, क्रिया पुन्हा पुन्हा घडणारी हवी. पोहायला जाणं, पत्र लिहिणं, दार वाजवणं या घडणाऱ्या क्रिया आहेत. राहणं, असणं, माहीत असणं, आवडणं या स्थिती आहेत आणि त्यांना ‘यूज्ड टु’च लागतं : ‘आय यूज्ड टु लिव्ह इन सातारा’. विद्यार्थ्याचं वाक्य ‘मी साताऱ्यात राहीन (जमलं तर)’ असं वाचलं जाईल. दुसरी अट, काळ आधी सांगितलेला हवा. म्हणून पहिल्या वाक्यात ‘यूज्ड टु’ किंवा ‘व्हेन आय वॉज अ चाइल्ड’ येतं आणि पुढच्या वाक्यांत ‘वुड’ : ‘एव्हरी इव्हनिंग वी वुड गो टु द रिव्हर’.

वर्गात शिकवताना आपला रीतिभूतकाळ हाताशी घ्या. ‘तो रोज देवळात जाई’ हे ‘ही वुड गो टु द टेंपल एव्हरी डे’शी तंतोतंत जुळतं. नकारातली जोडी तर त्याहून सुंदर आहे. ‘जाई’ ही सवय, पण ‘जाईना’ म्हटलं की ती सवय राहत नाही, तो हट्ट होतो. इंग्रजीतही तसंच होतं. ‘वुडन्ट’ बहुतेक वेळा नकार किंवा अडेलपणा सांगतं :

‘द स्कूटर वुडन्ट स्टार्ट’ : स्कूटर सुरूच होईना.
‘द लिड वुडन्ट कम ऑफ’ : झाकण निघेना.
‘द बेबी वुडन्ट स्लीप’ : बाळ झोपेना.

त्यामुळे ‘तो फारसा बोलायचा नाही’ हे ‘ही वुडन्ट टॉक’ने सांगू नका. त्याने बोलायला नकार दिला, असा अर्थ होतो. ‘ही डिडन्ट यूज टु टॉक मच’ लिहा. आणि शेवटी झाकण निघालंच, तर ‘द लिड केम ऑफ’. एकदाच घडलेल्या गोष्टीच्या होकारात या अर्थाने ‘वुड’ येत नाही.

प्रश्न : ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ यावर परीक्षकांनी लाल रेघ मारली. का?
– एक विद्यार्थी, नांदेड

मराठीत दोन्ही बाजूंना ‘असतं’ येतं : ‘मला माहीत असतं, तर मी आलो असतो’. म्हणून हात आपोआप दोनदा ‘वुड हॅव’ लिहितो. इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव’ : ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम’. अमेरिकेत बोलताना तुमच्यासारखं वाक्य कानावर पडेल, पण परीक्षेत आणि पत्रात ते चालत नाही. अपवाद विनंतीचा. ‘इफ यू वुड साइन हिअर’, म्हणजे ‘इथे सही कराल का’, हे बरोबर आहे.

आणखी एक जपा. बोलताना ‘वुड हॅव’चं ‘वुडव्ह’ होतं आणि ऐकणारे ते ‘वुड ऑफ’ असं लिहितात. ‘वुड ऑफ’ असं काही नसतं.

प्रश्न : ‘तो येईन म्हणाला’ यात ‘विल’ की ‘वुड’?
– एक वाचक, पणजी

‘ही सेड ही वुड कम’. आपण ‘येईन’ जसंच्या तसं ठेवतो, इंग्रजी ‘सेड’च्या मागोमाग ‘विल’लाही मागे नेतं. येण्याची वेळ अजून उलटली नसेल, तर ‘ही सेड ही विल कम टुमॉरो’ही चालतं. वेळ उलटून गेली असेल, तर फक्त ‘वुड’.

प्रश्न : ‘ही’ला जोडलेला ‘ड’ (ही’ड) ‘हॅड’चा की ‘वुड’चा, हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, नागपूर

पुढचं क्रियापद पाहा. मूळ रूप असेल तर ‘वुड’ : ‘ही’ड गो’. तिसरं रूप असेल तर ‘हॅड’ : ‘ही’ड गॉन’. ‘बेटर’च्या आधी नेहमी ‘हॅड’ (‘यू’ड बेटर वेट’), ‘रादर’ आणि ‘लाइक’च्या आधी ‘वुड’ (‘आय’ड रादर वेट’). ‘कम’, ‘कट’, ‘पुट’ यांचं मूळ आणि तिसरं रूप एकच, त्यामुळे तिथे आजूबाजूच्या वाक्यांवरूनच ठरवावं लागतं. लिहिताना अशा ठिकाणी पूर्ण शब्दच लिहावा.

उच्चारात ‘ल’ अजिबात नाही, लाकडासाठीचा ‘वुड’ आणि हा ‘वुड’ कानाला सारखेच. स्पेलिंगमधला एल पूर्वी उच्चारला जात असे, कारण हे ‘विल’चंच रूप. ‘कुड’मधला एल मात्र ‘वुड’ आणि ‘शुड’च्या देखादेखी नंतर घुसला, तो मुळात नव्हताच.